अपकीर्तीचें अधिकरण

छत्तीस वर्षें मीं मुलांना संस्कृत शिकविलें. कारकें शिकवितांना अधिकरणाचा एक भेद मी फळ्यावर हटकून लिहीत असें. देवदत्त चटईवर बसतो, येथें चटई हा कर्त्याचा आधार. देवदत्त पातेल्यांत भात शिजवितो, येथें पातेलें हा कर्माचा आधार. देवदत्त स्वतः पातेल्यांत बसलेला नसतो, एवढें म्हटलें कीं वर्ग हंसे आणि भेद ध्यानांत राही. हाच भेद उतारवयांत मला सूनबाईंकडून कायद्याच्या भाषेंत पुन्हा शिकावा लागेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

त्याचें असें झालें. गेल्या आषाढांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें फेसबुकवर माझ्या नांवानिशीं चार ओळी लिहिल्या. शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी परीक्षेचे प्रश्न आधींच सांगत असें, हा त्यांचा मथितार्थ. वाचकहो, शिकवणीचा एक पैसाही मीं आयुष्यांत घेतलेला नाहीं. लिहिणारा नागपुरास, मी वाईस. पण दोन दिवसांत तो मजकूर गांवांतल्या घरोघरच्या मोबाईलवर फिरला, आणि वाचनालयांत मी पाऊल टाकतांच बोलणें थांबूं लागलें. घरीं नातवानें विचारलें, "आजोबा, हें खरें आहे?" त्या चार ओळींपेक्षां तो एक प्रश्न अधिक लागला.

चिरंजीव संतापले. खटलाच भरूं या, म्हणाले. पण भरावा कोठें? मजकूर नागपुरांत लिहिलेला. तो सांठविणारीं यंत्रें कदाचित् समुद्रापार. आमच्या थोरल्या सूनबाई साताऱ्यास वकिली करतात. त्या म्हणाल्या, "बाबा, बदनामीच्या बाबतींत कायदा नुसतें लिहिणें पाहत नाहीं, प्रसिद्धि पाहतो. तिसऱ्या माणसानें वाचल्यावांचून बदनामी पुरी होत नाहीं."

मग त्यांनीं 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंतलें 19 वें कलम काढून दाखविलें. अपकृत्य एका न्यायालयाच्या हद्दींत घडलें आणि प्रतिवादी दुसऱ्याच्या हद्दींत राहत असला, तर दावा कोठें लावावा हें वादीनें ठरवावयाचें. कलमाखालीं दाखलाही आहे. दिल्लीस राहणारा मनुष्य कलकत्त्यास कोणाची बदनामी करणारा मजकूर प्रसिद्ध करतो. दावा कलकत्त्यासही लावतां येतो, दिल्लीसही. मी मनांत हंसलों. दिल्ली ही चटई आणि कलकत्ता हें पातेलें!

इंटरनेटच्या बाबतींत हा प्रश्न ऑस्ट्रेलियांत गाजला होता. बॅरन्स या अमेरिकन नियतकालिकानें ऑक्टोबर 2000 मध्यें मेलबर्नचे व्यापारी जोसेफ गटनिक यांच्यावर लेख छापला व तो इंटरनेटवरही ठेवला. मजकूर आमच्या न्यू जर्सींतल्या यंत्रांवर आहे, तेव्हां खटला तिकडेच चालावा, असें प्रकाशक डाऊ जोन्स कंपनीचें म्हणणें. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानें 10 डिसेंबर 2002 रोजीं तें अमान्य केलें. जेथें मजकूर उतरवून घेऊन वाचला जातो आणि जेथें माणसाच्या लौकिकाला धक्का बसतो, तेथें बदनामी घडते, असा त्यांचा निर्णय. परदेशचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नव्हे. परंतु त्यांतील तर्क आपल्या 19 व्या कलमाशीं जुळणारा आहे. इंटरनेट सर्वत्र पोंचतें म्हणून वाटेल तें न्यायालय निवडावें, असा मात्र याचा अर्थ नाहीं. त्या हद्दींत मजकूर कोणीं वाचला व तेथें नुकसान झालें, हें दाखवावें लागतें.

फौजदारीचीही वाट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमान्वयें बदनामीस दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, अथवा समाजसेवा अशी शिक्षा सांगितली आहे. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची.

म्हणजे वाईचें न्यायालय मला खुलें होतें. घरापासून चालत दहा मिनिटें! आणि त्याला प्रत्येक तारखेस सातशेंहून अधिक किलोमीटर. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुखावलेल्या माणसाला न्यायासाठीं दूर जावें लागूं नये, म्हणून कायद्यानें ही निवड दिली. पण जें मला जवळ तेंच त्याला दूर. निकालाआधीं नुसत्या हेलपाट्यांनींच त्याला शिक्षा व्हावी, ही इच्छा माझ्या मनांत आहे कीं नाहीं? प्रामाणिकपणें सांगतों, ती होती.

मीं त्याला पत्र लिहिलें. तत्पूर्वीं सूनबाईंनीं त्या मजकुराचें तारखेसह चित्र जपून ठेवविलें. पुढेंमागें पुरावा लागला, तर 2023 च्या साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणें त्यासोबत प्रमाणपत्र द्यावें लागतें. आठवड्यानें उत्तर आलें. "सर, मीं ऐकीव गोष्टीवर लिहिलें, क्षमा असावी. मजकूर काढून टाकला आहे."

चिरंजीव म्हणाले, संपलें. मला तसें वाटेना. त्या चार ओळी त्यानें मला एकट्यालाच धाडल्या असत्या, तर बदनामी झालीच नसती. मग मला एकट्याला धाडलेल्या क्षमेनें ती पुसली कशी जाईल? मीं पुन्हा लिहिलें, "बाळ, क्षमा केली. परंतु जेथें लिहिलेंस तेथेंच हेंही लिही." नऊ दिवसांनीं त्यानें लिहिलें. तें नातवानें मला मोठ्यानें वाचून दाखविलें.

दावा मीं लावला नाहीं. तो लावणें चूक ठरलें असतें, असें मात्र मी म्हणत नाहीं. तो विद्यार्थी गप्प बसता, तर मी वाईच्या न्यायालयाची पायरी चढलों असतों. वाचनालयांत मी रोज जातों. बहुतेक जण पूर्वीसारखें बोलतात. एका बांकावरचें बोलणें मात्र अजूनही थांबतें.