लिस्टमध्ये फक्त नऊच?

‘म्हणजे तू लॅबमध्ये रक्त तपासतेस का गं?’ हा मावशीचा दर दिवाळीचा ठरलेला प्रश्न. पहिल्या वर्षी मी अगदी जीव तोडून समजावलं. दुसऱ्या वर्षी ‘कॉम्प्युटरवर तपासते’ म्हटलं. आता सरळ ‘हो’ म्हणते आणि चकली तोंडात टाकते.

खरं सांगायचं तर रक्ताचा थेंबही मी कधी हातात धरलेला नाही. माझ्यापर्यंत येते ती फाइल. माणसाच्या जीनोममध्ये डीएनएची साधारण ३०० कोटी अक्षरं असतात. मशीन ती सलग वाचत नाही, तुकड्या-तुकड्यांत वाचतं, एक तुकडा साधारण १५० अक्षरांचा. अशी कल्पना करा की एकाच पेपरच्या ३० प्रती आहेत, कुणीतरी त्या सगळ्यांच्या चिंध्या करून पोत्यात भरल्यात, आणि तुम्हाला सांगितलंय की मूळ पेपर जुळवा आणि त्यात छपाईची चूक कुठे आहे ते शोधा. एका माणसाचं हे पोतं म्हणजे सहज ६०-७० जीबी! जुळवायला अर्थात सॉफ्टवेअर असतं. पण सॉफ्टवेअर काय सांगतंय आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मी. ऐकायला सॉलिड वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

मी सोलापूरची. पुण्यात एमएस्सी बायोइन्फर्मेटिक्सला आले ती २०२१ मध्ये. पहिल्याच वर्षी लक्षात आलं की आमच्या फील्डमध्ये डिग्रीपेक्षा ‘काय केलंयस?’ हा प्रश्न मोठा. आणि काही करायचं तर इंटर्नशिप हवी. मग काय, मेलचा सपाटा. ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट...’ असे ४० मेल पाठवले. उत्तरं आली तीन. त्यातली दोन ‘सध्या जागा नाही’ची आणि तिसऱ्यात इंटर्नशिप देण्यासाठी माझ्याकडूनच १५ हजार रुपये मागितले होते! (असले मेल तुम्हालाही येतील. पैसे भरून मिळते ती इंटर्नशिप नव्हे, तो क्लास. क्लास लावायचा तर खुशाल लावा, पण मग त्याला क्लासच म्हणा.)

दोन गोष्टींनी गाडी रुळावर आली. एक म्हणजे देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून देतात ती समर रिसर्च फेलोशिप. २०२२ च्या उन्हाळ्यात ती मिळाली आणि मी दोन महिने हैदराबादला जाऊन आले. तिथे मी कुठलाही शोध लावला नाही. लिनक्सच्या काळ्या स्क्रीनची भीती तेवढी गेली. ही काही छोटी कमाई नव्हे.

दुसरी गोष्ट मी स्वतःच केली. ‘जीनोम इन अ बॉटल’ नावाचा एक उपक्रम आहे. त्यात काही ठरावीक माणसांचे जीनोम इतक्या वेळा आणि इतक्या पद्धतींनी वाचले गेलेत, की बरोबर उत्तर आधीच माहीत असतं. हा डेटा फुकट मिळतो. मी त्यातलं फक्त २० नंबरचं क्रोमोसोम घेतलं, कारण माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, त्याला अख्खा माणूस झेपला नसता! त्यावर तुकडे जुळवले, फरक शोधले आणि माझं उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून पाहिलं. कुठे चुकलं, का चुकलं असावं, एवढंच दोन पानांत लिहिलं. पुढच्या १० मेलना ही दोन पानं जोडली आणि चार ठिकाणांहून उत्तर आलं! एकाने तर स्वतःहून फोन केला, ‘हे चुकलं ते तुला कसं कळलं?’

त्याच फोनमधून मला पुण्यातल्या एका जेनेटिक टेस्टिंग कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. ऑक्टोबर २०२३ पासून, स्टायपेंड आठ हजार. कर्वेनगरच्या पीजीचं भाडंच साडेसहा. उरलेल्या दीड हजारात बस, चहा आणि महिनाअखेरीचं मॅगी. ‘पुण्यात काय पगार आहे?’ असं कुणी विचारलं की पप्पा ‘ट्रेनिंग चालू आहे’ म्हणायचे आणि मला गुपचूप दोन हजार पाठवायचे. २३ वर्षांच्या घोडीला पप्पांचे पैसे घेताना कसं वाटतं, ते ज्यांनी घेतलेत त्यांना विचारा.

आणि काम? तीन महिने मी फायलींची नावं बदलत होते. एक्सेलमध्ये जीन्सची यादी चिकटवत होते. इथे एक मजा सांगते. सेप्टिन गटातल्या जीन्सची छोटी नावं ‘सेप्ट’ अशी होती आणि एक्सेल भाऊ त्यांना सप्टेंबर महिना समजून तारीख करून टाकायचे. हा लोच्या जगभर इतका झाला, की शेवटी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जीन्सचीच नावं बदलली! बलाढ्य कोण, हे तेव्हाच कळायला हवं होतं मला.

तर मुद्द्याचं. तारीख १२ जानेवारी २०२४, शुक्रवार. सोलापूरकरांना सांगायला नको, तो आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा आठवडा. संक्रांत सोमवारी होती. मी सोमवारची सुट्टी टाकली होती, चारची बस होती. निघण्याआधी एकच काम उरलं होतं. एका तरुण पेशंटचा डेटा होता, हृदयाच्या स्नायूंच्या आजाराची शंका. त्याच्या डीएनएत सापडलेल्या हजारो फरकांमधून हृदयाशी संबंधित जीन्समधले तेवढे गाळून घ्यायचे आणि लिस्ट सरांना द्यायची. सोमवारी रिपोर्ट जाणार होता. आधी वीस वेळा केलेलं काम होतं. मी केलं. लिस्ट आली, फक्त नऊ फरकांची! एरवी दीडशे-दोनशे येतात. मी खूश. नऊ काय, पाच मिनिटांत बघून होतात. एकातही काही नव्हतं. ‘निगेटिव्ह’ असं लिहून मेल टाकला आणि पळाले.

बस भिगवणच्या पुढे गेली असेल. सोबतच्या इंटर्नशी व्हॉट्सअॅपवर गप्पा चालल्या होत्या. मी शेखी मिरवत लिहिलं, ‘आज लिस्टमध्ये फक्त ९, सही ना?’ तिचं उत्तर आलं, ‘नऊच???’

तीन प्रश्नचिन्हं. माझ्या पोटात गोळा आला.

लोच्या काय झाला होता, तो तुम्हालाही कळेल असा सांगते. माणसाच्या जीनोमचा एक प्रमाण नकाशा असतो, त्यावर प्रत्येक जीनचा पत्ता असतो. या नकाशाच्या आवृत्त्या निघतात. २००९ ची आवृत्ती ‘एचजी १९’ म्हणून ओळखली जाते, २०१३ ची ‘एचजी ३८’ म्हणून. दोन्ही आजही वापरात आहेत. आवृत्ती बदलली की पत्ते सरकतात. आमचा डेटा ३८ वर होता आणि घाईघाईत एका जुन्या फोल्डरमधून मी उचललेली पत्त्यांची फाइल १९ ची होती. म्हणजे शनिवार पेठेतलं घर शोधायचं आणि पत्ता २० वर्षांपूर्वीच्या नकाशावरचा. सॉफ्टवेअर अजिबात कुरकुरलं नाही. मी सांगितलं तिथे ते गेलं, तिथे जे नऊ सापडले ते आणून दिले. ‘एरर’ आला असता तर बरं झालं असतं. एरर ओरडतो. चुकीचं उत्तर मात्र अगदी शहाण्या मुलासारखं गप्प बसतं.

बस इंदापूरला थांबली. लोक चहाला उतरले. मी फोन हातात घेऊन स्टँडवर येरझाऱ्या घालत होते. खरं सांगू? पहिला विचार पेशंटचा आला नाही. पहिला विचार आला की एप्रिलमध्ये आपलं कन्फर्मेशन आहे. दुसरा विचार, सर सोमवारी तपासतीलच की. तिसरा, आपण मंगळवारी येऊन गुपचूप दुसरी लिस्ट पाठवू. हे तिन्ही विचार माझ्याच डोक्यात आले, दुसऱ्या कुणाच्या नाही, म्हणून लिहिते. कंडक्टरने बेल मारली तेव्हा मी नंबर लावला.

‘सर, मी चुकीची फाइल वापरलीय. तो रिपोर्ट पाठवू नका.’

पलीकडे शांतता. मग, ‘कुठली फाइल? पाथ सांग.’ मी सांगितला. ‘बरं. घरी पोचलीस की लॉगिन कर.’ बास, एवढंच.

घरी पोचायला साडेआठ वाजले. आईने शेंगाची चटणी, कडक भाकरी सगळं मांडून ठेवलं होतं. मी पप्पांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ऑफिसच्या सर्व्हरवर. योग्य नकाशाची फाइल लावली आणि लिस्ट आली १७४ ची. ती बघत बसले रात्री दीडपर्यंत. आई दोनदा येऊन ताट झाकून गेली.

त्या १७४ मध्ये एक होता. ‘एमवायबीपीसी३’ नावाच्या जीनमध्ये २५ अक्षरं गायब. हृदयाच्या स्नायूंचं प्रोटीन बनवणारा जीन! मी उडालेच. सरांना लगेच कळवलं, ‘सापडलं!’ त्यांचा मेसेज आला, ‘उडू नकोस. भारतात हे किती जणांत असतं ते बघ.’

बघितलं. २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये यावर पेपर आला होता. भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांमध्ये ही २५ अक्षरं नसतात. म्हणजे दर २५ माणसांमागे एक! हृदयविकाराचा धोका यामुळे वाढतो असं त्या अभ्यासात म्हटलंय, पण त्याला नेमकं किती वजन द्यायचं यावर नंतरही अभ्यास होत राहिले. भरलेल्या बसमध्ये असे दोघं तरी असणार, आणि बरेचसे धडधाकट. त्यामुळे ‘हेच कारण’ असं लिहिता येत नाही, ‘काहीच नाही’ असंही लिहिता येत नाही. आपल्या माणसांचे जीनोम आपण वाचायला हवेत ते याचसाठी. परदेशातल्या यादीत दुर्मीळ दिसणारी गोष्ट आपल्याकडे घरोघरी असू शकते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातला १० हजार भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, तो आमच्यासारख्यांना रोजच्या कामात लागणारा आहे.

रिपोर्ट सोमवारऐवजी बुधवारी गेला. त्यात ‘निगेटिव्ह’ हा शब्द नव्हता. त्या २५ अक्षरांवर चार सावध ओळी होत्या आणि घरच्यांनाही डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सूचना होती. त्या चार ओळी लिहायला सरांनी अर्धा दिवस घेतला, मला शेजारी बसवून. मी विचारलं, ‘सर, सोमवारी तुम्हाला सापडलं असतं ना?’ ते म्हणाले, ‘माहीत नाही.’ या उत्तराने मला अजूनही दरदरून घाम फुटतो.

तुम्ही म्हणाल, मग कन्फर्म झालीस असशील. छे! एप्रिलमध्ये ‘सध्या हेडकाउंट नाही’ म्हणून कंपनीने गोड बोलून निरोप दिला. त्या चुकीशी त्याचा काही संबंध होता का, हे मी विचारलं नाही. मग एका संशोधन संस्थेत कॅन्सरच्या डेटावर चार महिने, पुन्हा इंटर्नच. पप्पांचे दोन हजार पुन्हा सुरू. तिसऱ्या ठिकाणच्या इंटरव्ह्यूत मात्र ‘सगळ्यात मोठी चूक कोणती?’ असं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं, अगदी फाइलच्या नावासकट. पॅनेलमधले तिघं एकमेकांकडे बघून हसले. त्यातल्या एका मॅडम म्हणाल्या, ‘माझी याहून मोठी आहे, जॉइन झालीस की सांगेन.’ सांगितली त्यांनी. इथे लिहिण्यासारखी नाही.

आता माझ्या हाताखाली एक इंटर्न आहे. नांदेडचा मुलगा, हुशार, जरा घाईचा. स्टायपेंड १५ हजार आहे, तेवढं एक बरं झालंय. गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, ‘मॅम, सॉरी, उशीर झालाय. पण लिस्ट खूपच छोटी आलीय. बरोबर असेल ना?’

मी उठले आणि लॅपटॉप उघडला. ‘पाथ सांग,’ असं टाइप केलं.