मिठामागचे पाणी

वसईच्या मिठागरांविषयी लिहिताना आपण बहुधा मिठापाशीच थांबतो. हा धागा मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात उरणाऱ्या पाण्याविषयी आहे.

नायगाव, जूचंद्र, राजावली या पट्ट्यात भरतीचे पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवीत उन्हात आटवले जाई. लिटरभर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी साधे मीठ सुमारे २७ ग्रॅम. मात्र हे सारे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि घनता सुमारे २५ अंश बोमे झाली की मीठ. तिशीच्या आसपास हात आखडता घ्यावा लागतो, कारण पुढे मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरू लागतात. कुठे थांबायचे, हीच आगरातली खरी विद्या.

आमच्या आजीच्या बरणीतले जाडे मीठ श्रावणात पाणी सोडी. तो दोष मिठाचा नव्हे. दाण्यांना चिकटून आलेले मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा शोषून घेते.

या कडू पाण्याला रसायनशास्त्रात ‘बिटर्न’ म्हणतात. १८२६ साली फ्रान्समधील मोंपेलिए येथे आंत्वान बालार या तरुणाला अशाच टाकाऊ पाण्यात ब्रोमीन हे नवे मूलद्रव्य गवसले!

त्यातून मॅग्नेशियम धातू मिळवणे अधिक बिकट. मॅग्नेशियम क्लोराइडच्या स्फटिकात पाण्याचे सहा रेणू अडकलेले असतात. पहिले चार उष्णतेने निघतात. शेवटचे दोन काढू गेल्यास क्षारच फुटतो आणि हाती ऑक्साइड येते. नॉर्वेतील नॉर्स्क हायड्रो कंपनीने ‘फ्लुइडाइज्ड बेड’ वापरून यावर मात केली. खालून इतक्या वेगाने वायू सोडायचा की दाण्यांचा थर उचलला जाऊन उकळत्या पाण्यासारखा खळबळू लागतो आणि प्रत्येक दाण्याला सर्व बाजूंनी वायू भिडतो. आधी गरम हवा, अखेरीस हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे क्षार फुटत नाही.

अशा यंत्रणेला कच्चा माल अखंड आणि अमाप लागतो. भावनगरला १९५४ साली मीठ व सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली. गुजरातची विस्तीर्ण मिठागरे तिच्या जवळच होती. आमच्याकडच्या लहान आगरांतले कडू पाणी बहुधा ओहोटीबरोबर खाडीला मिळे. आता कित्येक वाफ्यांवर भराव पडला आहे.