हवेचा हातभार

राइट टाउनमधल्या जुन्या बंगल्यांची आवारं एकेक करून नर्सिंग होमना आणि फ्लॅटना जातायत. काकांचं फाटक मात्र अजून पूर्वीइतकंच रुंद आहे, कारण त्यातून जोंगा आत-बाहेर करायची असते. जबलपूरची म्हणावी अशी ही गाडी. हाडापेराने निसानची पॅट्रोल, नाव मात्र जबलपूरच्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेज कारखान्यांवरून जुळवलेलं. १९६९ साली इथं व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली. काकांची उमेदीची वर्षं तिथंच गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जोंगा घरी आणली. काकू तेव्हा म्हणाली होती, "नोकरी सुटली, पण फॅक्टरी घरी आली."

मूळचं सहा सिलिंडरचं, चार लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन पगारदार माणसाला परवडणारं नव्हतं. लिलावात जोंगा घेणारे बरेच जण करतात तेच काकांनी केलं. आरटीओची परवानगी काढली, आरसीवर नोंद करून घेतली आणि डिझेल इंजिन बसवलं. ब्रेक तेच राहिले. चारही चाकांना ड्रम, आणि पायात जेवढा जोर तेवढा ब्रेक. तसा ड्रम अगदीच कठोर नसतो. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू आपसूक आणखी घट्ट बसतो. पण पहिला रेटा पायानेच द्यावा लागतो.

ही गाडी पंचविशीतल्या जवानासाठी घडवलेली, मोकळ्या डोंगराळ रस्त्यांसाठी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ती रसेल चौकात ई-रिक्षांच्या मागे दहा-दहा पावलांवर थांबवावी, असं कुणाच्या स्वप्नातही नसणार. काकांचा उजवा गुडघा संध्याकाळी सुजायला लागला, तेव्हा ब्रेकला बूस्टर बसवायचा विषय निघाला. पुण्याहून आलेल्या माझ्या आतेभावाने लगेच हरकत घेतली, "ओरिजिनल गाडीला हात कशाला लावायचा?" ओरिजिनल हा शब्द, माझ्या मते, गाड्या झाकून ठेवणाऱ्यांचा. रोज चालणाऱ्या गाडीत काही ना काही बदलत राहतंच. फॅक्टरीत आयुष्य काढलेल्या काकांना तर हा वादच कळला नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता : पेडलापुढचा पत्रा सोसेल का?

मिस्त्रीचा प्रश्न निराळा होता. "बाबूजी, डब्बा तो बैठा दूँगा, पर वैक्यूम कहाँ से लाओगे?"

बूस्टर म्हणजे पत्र्याचा चपटा गोल डबा, आत रबरी पडदा. ब्रेक मोकळा असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात असतो. पेडल दाबलं की झडप उघडते, पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे रेटते. इंजिनाने फक्त जागा रिकामी करून द्यायची; जोर वातावरणाचा, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. नऊ इंची डब्यावर हा हिशेब चारशे किलोच्या घरात जातो. ही करामत अल्बेर दवांद्र या बेल्जियन अभियंत्याची. १९२७ मध्ये बॉशने ती बाजारात आणली. रोज ज्या हवेत आपण वावरतो तिच्या अंगी एवढं बळ असावं, आणि ते कामाला लावायला समोर थोडी पोकळी पुरावी, याचं मला अजून नवल वाटतं.

पेट्रोल इंजिनात ही पोकळी फुकट मिळते, कारण थ्रॉटल मिटली की सिलिंडर हवेसाठी ओढ घेतात. काकांच्या डिझेलला थ्रॉटलच नव्हती. ते मोकळ्या तोंडाने श्वास घेणारं. म्हणून पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर आणावा लागला, आणि त्या पंपाला इंजिनातून तेलाची नळी. बूस्टर नवा घेतला. कबाड्याकडचं रबर मिस्त्रीला नको होतं. पत्र्याला आतून जाड पट्टी वेल्ड केली. मग आलं खरं नाजूक काम. बूस्टरची दांडी आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यामध्ये जेमतेम केसाएवढी फट हवी. ती नसेल तर ब्रेक पुरता सुटत नाही, ड्रम तापत राहतात. मिस्त्रीने काकूकडून कणकेची गोळी मागून घेतली, दांडीच्या टोकाला चिकटवली, सिलिंडर बोल्टांनी आवळला आणि पुन्हा उघडला. कणकेचा पापुद्रा उजेडात धरून बघितला, दांडी अर्धा आटा आत घेतली, पुन्हा नवी गोळी. काकू दारात उभी राहून बघत होती. पोळ्या थांबल्या होत्या, पण तिने घाई केली नाही.

मग पाइपांतली हवा काढणं. डब्यातली हवा कामाची, ब्रेक ऑइलमधली घातक. एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखं लागतं. शेवटी परीक्षा. इंजिन बंद ठेवून काकांनी पेडल दगडासारखं होईपर्यंत मारलं, पाय तसाच दाबून धरला आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं तसं पायाखालचं पेडल बोटभर खाली गेलं. काकांनी नुसतं "हं" केलं आणि पाय काढून तेच परत करून पाहिलं.

यातलं मला सगळ्यात पटलं ते हे, की हवा स्वतः ब्रेक लावत नाही. पाय जेवढं मागेल तेवढ्याच पटीत ती देते, आणि पाय उचलला की मागे सरते. नसलीच तरी ब्रेक लागतो, फक्त पूर्वीसारखा जड. इंजिन बंद पडलं तर डब्यातला साठा दोन-तीन दाबांपुरता. त्यावरून मिस्त्रीने निघताना काकांना बजावलं, "ढलान पे इंजन बंद मत करना."

नेमकी तीच काकांची सवय. महागाईच्या दिवसांत जडलेली : उतार लागला की न्यूट्रल, चावी बंद, डिझेल वाचलं. त्या रविवारी आम्ही तिलवारा घाटाकडे निघालो. रस्ता उताराला लागला आणि त्यांचा हात आपोआप खाली गेला.

"चावी!" काकू मागून ओरडली.

हात वर आला. पुढे घाटापर्यंत काका डिझेलच्या भावावर बोलत होते.