झिजलेला बिगुल

दुबईत, अल बर्शातल्या आमच्या घरात एसी बारा महिने चालू असतो. तरी ऑगस्टात दार उघडलं की दमट हवा आत शिरतेच, आणि पितळ कळकायला तेवढी पुरते. म्हणून आजोबांच्या डब्यात मी नव्या बुटांच्या खोक्यातल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवते. डबा बिस्किटांचा. आत टोपीचा बिल्ला, अकरा पितळी बटणं, शिट्टीची दोरी. आणि वेगळ्या पिशवीत चामड्याचा पट्टा, खांद्यावरून तिरकी वादी असलेला. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते.

या पट्ट्याला सॅम ब्राउन म्हणतात. त्या नावाच्या घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात १८५८मध्ये हिंदुस्थानातल्या लढाईत गेला. म्यान सावरायला हात उरला नाही, म्हणून त्यानं तो भार खांद्यावरच्या वादीवर घेतला. आजोबांच्या पट्ट्याचं तिसरं भोक ताणून लांबट झालंय. चौथं, पाचवं अजून गोल आहेत. म्हातारपणीही ते तसेच सडसडीत होते.

या डब्यामुळे मला नाद लागला. मुंबईला गेले की चोरबाजारात एक चक्कर ठरलेली. बटण हातात आलं की आधी उलटं करायचं, हे तिथंच शिकले. मागे गॉन्ट, बर्मिंगहॅम किंवा फर्मिन, लंडन असं कोरलेलं असतं. पुढे राजमुकुट असेल तर जुनं, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर प्रजासत्ताकातलं. नक्षी जितकी ठसठशीत तितका भाव जास्त. झिजलेलं बटण विकणारा ओंजळभर देऊन टाकतो.

मला मात्र तीच हवी असतात. ती शिपायांनी रोज घासून झिजवलेली असतात: बटणाखाली खाच असलेली पितळी पट्टी सरकवायची, म्हणजे कापडाला डाग पडत नाही, आणि ब्रासो लावून घासायचं. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. आजोबांच्या बिल्ल्यावरच्या बिगुलाची दोरी अशीच पुसली गेली. डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला अजून लागते.

आमच्या गच्चीवरून दूर समुद्राची एक पट्टी दिसते. पहिल्या महायुद्धात, १९१४मध्ये, मुंबईहून बसऱ्याच्या दिशेनं निघालेली जहाजं याच आखातातून वर गेली. त्यांतून गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात तिन्ही अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ला तुर्कांच्या हाती पडल्या. त्यांच्याही अंगावर बटणं होती. त्यांतलं एखादं कधी हाती येईल म्हणून मी अजून शोधते आहे.

काल डबा उघडला. एका बटणावर, मुकुटाच्या खाचेत ब्रासोची वाळलेली पांढरी भुकटी दिसली. ती राहिली तर धातू खाते, काढून टाकावी, असं जाणकार सांगतात. सुई आणली. मग बटण फडक्यात गुंडाळून परत ठेवलं.