पेट्रोल किती आहे?

जालन्याचा इटलीशी संबंध काय, असं कोणी विचारलं की मी रस्त्यावरच्या जुन्या बजाज चेतककडे बोट दाखवतो. चेतक ही व्हेस्पाची लेक. १९४६च्या मूळ व्हेस्पाचा आराखडा काढणारे कोर्रादिनो दास्कानियो हे हेलिकॉप्टरवाले. तेव्हा गांधीचमनजवळ ही गाडी अधूनमधून जमीन सोडायची, यात खड्ड्यांना उगाच दोष देण्यात अर्थ नव्हता.

परंतु खरी इटालियन गाडी मला पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर दाखवली. "मामा, डुकाटी ७५० सुपर स्पोर्ट, १९७४ची!" रुपेरी अंग, खाली फिकट हिरवी चेसिस. बसणाऱ्यानं टाकीवर जवळजवळ पालथं पडायचं. मागं बायकोला जागा नाही, पिशवीला हूक नाही. अशी गाडी घेऊन माणसानं मोंढ्यात जावं तरी कसं?

ही गाडी म्हणजे शर्यतीच्या गाडीची धाकटी बहीण. एप्रिल १९७२मध्ये इमोलाची दोनशे मैलांची शर्यत डुकाटीनं मारली. पॉल स्मार्ट पहिला, त्याच्याच चमूतला ब्रूनो स्पाज्जारी दुसरा. कंपनीचा निरोप आला तेव्हा स्मार्ट अमेरिकेत होता. त्याच्या बायकोनं, मॅगीनं, परस्पर होकार देऊन टाकला. हे ऐकल्यापासून आमच्या हिला इटलीविषयी भलताच आदर वाटू लागला आहे. इंजिनियर फाबिओ ताल्योनी यांचं इंजिनही न्यारं. इतर गाड्यांत उघडलेला व्हॉल्व्ह स्प्रिंग मिटवते. यांनी मिटवायलाही वेगळा रॉकर बसवला. ज्यानं दार उघडलं त्यानंच ते लावायचं, हा आमच्या आईचाही नियम होता, पण तिला कोणी इंजिनियर म्हटलं नाही.

माझं मन मात्र टाकीवर जडलं. फायबरग्लासच्या त्या टाकीला एक उभी पारदर्शक पट्टी आहे. पेट्रोल कुठवर आलंय, ते बाहेरून दिसतं! बस्स. बाकीची गाडी त्यांनी खुशाल परत न्यावी.

१९८४ साली ही बाळंतपणासाठी जालन्याच्या दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी रात्री रक्त आणायला सांगितलं. ते तेव्हाच्या औरंगाबादेहून, म्हणजे साठ किलोमीटरवरून आणायचं. शेजाऱ्यांनी चेतक दिली. "पेट्रोल भरपूर है, साब." येताना बदनापूर मागं पडलं आणि इंजिननं एक उचकी दिली. खाली वाकून पाहतो तो पेट्रोलचा कॉक आधीपासूनच रिझर्व्हवर! गाडीला काटा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मेव्हण्यानं पोटाशी धरलेली बाटली माझ्या हातात दिली, गाडी गदागदा हलवली आणि टाकीला कान लावला.

"काय ऐकू येतंय?"

"कायतरी हाय, दाजी."

एवढ्यावर बायकोचा जीव सोपवायचा? मी टाकीचं झाकण उघडलं. आत मिट्ट काळोख. मेव्हण्यानं खिशातून काडेपेटी काढली. बाटली सांभाळत मी त्याचं मनगट असं पकडलं, की तो दोन दिवस हात चोळत होता. तेवढ्यात एक ट्रक आला. त्याच्या उजेडात तळाशी ओंजळभर काहीतरी चकाकलं. मग उतार आला की इंजिन बंद, चढ आला की देवाचं नाव, असे आम्ही दवाखान्यात पोचलो. रक्त वेळेवर चढलं. पहाटे मुलगी झाली.

मेव्हणा अजून म्हणतो, "काडी लावू दिली असती ना दाजी, तर स्वच्छ दिसलं असतं."