जोजीला: रस्ता करणाऱ्यांची खिंड

सोनमर्ग सोडल्यावर काही अंतर रस्ता छान आहे. बाजूला सिंध नदी, उतारांवर सूचिपर्णी झाडांची दाटी. खरी चढण बालटालच्या वर लागते. मेअखेर होती, तरी आकाशातून पाऊसही नाही आणि बर्फही नाही असं काहीतरी पडत होतं. श्रीनगरहून लेहला सायकलने निघालेल्याला जोजीला ही पहिली मोठी खिंड. उंची 3,528 मीटर, म्हणजे लडाखच्या हिशेबात काहीच नाही. याच रस्त्यावरची फोतू ला 4,108 मीटर आहे. पण सायकलस्वाराचा कस लागतो तो जोजीलावरच, असं माझं ठाम मत आहे.

कारण इथला चिखल. हिवाळ्यात साचलेल्या बर्फाच्या भिंती रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि ऊन वर आलं की त्यांचं पाणी थेट रस्त्यावर उतरतं. त्यातून लष्कराचे आणि मालाचे ट्रक जातात. चाकोऱ्या इतक्या खोल की पॅडल खाली आलं की चिखलाला टेकतं. ब्रेकच्या रबरात बारीक खडी रुतली आणि रिम करवतीसारखी किरकिरायला लागली. हातमोजे पिळले तर राखाडी पाणी निघालं. बोटं बधिर झाल्यावर गिअर पडला की नाही हे हाताला कळत नाही, चेनच्या आवाजावरून ओळखावं लागतं. बऱ्याच ठिकाणी उतरून सायकल ढकलली. ट्रक आला की डोंगराच्या अंगाला सरकायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही.

या वाटेने माणसं शतकानुशतकं गेली आहेत. 1533 साली सेनापती मिर्झा हैदर दुगलत लडाखकडून हीच खिंड ओलांडून काश्मिरात शिरला, तोही भर हिवाळ्यात. चारशे वर्षांनंतरही इथे होती ती खेचरांचीच वाट. 1948 मध्ये पाकिस्तानी सैन्य आणि हल्लेखोरांनी द्रास, कारगिल आणि ही खिंड घेतली, आणि लेहचा जमिनीवरचा संपर्क तुटला. सप्टेंबरमध्ये भारतीय पायदळाने खिंडीवर हल्ला केला. तो फसला. दोन्ही बाजूंच्या कड्यांमधल्या शत्रूच्या मशिनगनखालून माणसं पुढे सरकूच शकत नव्हती.

मग भारतीय सैन्याच्या जनरल थिमय्यांनी इथे रणगाडे आणायचं ठरवलं. सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे तोफांचे बुरूज उतरवून, गुपचूप बालटालपर्यंत आणले. 1 नोव्हेंबर 1948 रोजी, बर्फ पडून गेल्यावर, ते खिंडीतून पलीकडे गुमरीच्या सपाटीवर उतरले. एवढ्या उंचीवर तोवर जगात कुठेही रणगाडे लढले नव्हते. शत्रूची फळी त्या दिवशी फुटली. नोव्हेंबर संपायच्या आत द्रास आणि कारगिल परत मिळाले आणि लेहची वाट मोकळी झाली.

ही गोष्ट सांगताना रणगाडेच पुढे येतात. चढ स्वतःच्या पायांनी चढताना मला मात्र मद्रास सॅपर्सची, म्हणजे लष्कराच्या अभियंता तुकडीची, आठवण येत राहिली. बालटालपासून वरची खेचरवाट रणगाडा जाईल इतकी रुंद केली ती त्यांनी, शत्रूच्या माऱ्याखाली, सुरुंग लावून आणि हातांनी खडक फोडून. कॅप्टन मोडसारख्या वळणावर उभं राहून खाली बघावं. एका अंगाला ताठ कडा, दुसऱ्या अंगाला थेट बालटालचं खोरं. इथे हातभर रुंदी वाढवायची म्हणजे काय, ते गाडीच्या काचेतून कळणार नाही.

आजही हा रस्ता माणसांच्या हातांवरच उभा आहे. एका वळणावर सीमा सडक संघटनेचे मजूर दरड उपसत होते. त्यातले बरेचसे झारखंडमधल्या दुमक्याकडचे. डांबराच्या पिंपाखालच्या जाळावर हात शेकायला त्यांनी मला बोलावलं. “ऊपर और कीचड़ है, भैया, पैदल ही जाना,” एकाने सांगितलं. त्याच्या पायात रबरी बूट होते, मोजे नव्हते. त्याचा सल्ला तंतोतंत खरा निघाला.

खिंडीनंतर झाडं संपतात. अलीकडे भूर्ज, पलीकडे गवत आणि उघडे डोंगर. गुमरीपासून मटायन, पांद्रासकडे रस्ता अलगद उतरतो. हाडं गोठवणारा वारा असला तरी अंगावरचे कपडे त्यानेच वाळवले. संध्याकाळी द्रासमध्ये शिरलो तेव्हा तोलोलिंगची धार ढगांतून बाहेर आली होती. 1999 च्या कारगिल युद्धात शत्रू तिथे वर बसला होता आणि हाच रस्ता त्याच्या तोफांच्या टप्प्यात होता. पन्नास वर्षांनंतरही भांडण या एका रस्त्याचंच होतं.

सोनमर्गच्या अलीकडचा बोगदा जानेवारी 2025 मध्ये सुरू झाला. जोजीलाखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचं काम चालू आहे. तो व्हायलाच हवा. हिवाळ्यात द्रासच्या आजारी माणसाला श्रीनगर गाठता यावं, त्यापुढे माझ्यासारख्याच्या हौसेची काय किंमत! पण बोगदा झाल्यावर वरचा घाट दरडींच्या हवाली करू नये. उन्हाळ्यापुरता का होईना, तो पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी राखावा, आणि त्यासाठी लागणाऱ्या मजुरांना मोजे आणि धड बूट द्यावेत.