भरदिवसाचा दिवा

सुरतेच्या जुन्या शहरात नाणावट नावाचा मोहल्ला आहे. नाणी पारखणारे, बदलून देणारे सराफ इथे बसत. आम्ही राहतो त्या उधन्याहून कधी तिकडे गेलो की मी ओट्यांकडे बघत चालतो. पांढरी गादी, लोड, बैठं मेज आणि लाल कापडात बांधलेली वही, एवढ्यावर कधीकाळी समुद्रापारचा व्यापार चाले. सतराव्या शतकातला वीरजी व्होरा तर इंग्रजांच्या वखारीलाच कर्ज द्यायचा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत त्याचं घर लुटलं गेलं, तरी त्याचा व्यापार चालूच राहिला.

त्याच इंग्रजांचा ‘बँक’ शब्द आता आपल्या रोजच्या तोंडी आहे. मुळात तो साधा बाक. इटलीतले सराफ बाजारात ज्या बाकावर नाणी मांडून बसत, तो ‘बांका’. सराफ बुडाला की ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडका बाक. त्यावरूनच ‘बँकरप्ट’. आपल्याकडे बसायला गादी, आणि बुडाल्यावर दिवा. देणी फेडता येईनात की सराफ भरदिवसा दुकानात दिवा लावी, म्हणून ‘दिवाळं’, असं सांगतात. मला हा शब्द फार मोठा वाटतो. बुडालोय, पण पळालो नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणारा तो दिवा.

बाबा खानदेशातून इथे लूमवर कामाला आले. पगारातून उरेल ते एका लहानशा पेढीवर ठेवत, ताईच्या लग्नासाठी. एका सकाळी त्यांच्याबरोबर गेलो, तर शटरला कुलूप. पेढीवाला रातोरात गाव सोडून गेला होता. लोक ओरडत होते, कुणी शटरवर लाथा घालत होतं. बाबा समोरच्या ओट्यावर टेकले. हातातली खात्याची छोटी वही घामाने ओलसर झाली होती आणि शाईचे आकडे त्यांच्या अंगठ्याला लागले होते. दिवसभर ते पैशांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. रात्री ताटावर बसल्यावर आईला म्हणाले, “दिवा तरी लावायचा होता त्यानं.”

दिवाळीला इथे चोपडापूजन असतं. कोऱ्या पानावर ‘श्री’ची उतरंड रचतात, वर एक, खाली दोन, मग तीन. आई त्या दिवशी आमची ती वहीही लोखंडी पेटीतून काढते, समईशेजारी ठेवते, हळदकुंकू वाहते. शेवटच्या आकड्यावर बाबांच्या अंगठ्याचा निळा ठसा अजून आहे.